धाकट्या आरमाराचं युद्ध

९ नोव्हेंबर २०२४

अण्णांना मोतीबिंदूच्या तपासणीसाठी अंबरनाथहून बदलापूरला नेलं. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, तर सगळा दवाखाना वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "शंकरराव शेजवळ. वय त्र्याऐंशी. माजी नौसैनिक, इंजिनरूम." इंजिनरूमने कान नेले, म्हणून सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं.

बाहेर चपला घालताना मागून कोणीतरी म्हणालं, "शीला ना?"

विक्रांत साबळे. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण हसताना अजून तसाच मान वाकडी करतो. कॅम्प पाचला, सिंधी निर्वासितांच्या जुन्या वसाहतीत, आम्ही एका बराकीत राहायचो, मधे फक्त दोन खोल्या. किती वर्षांनी दिसला! मी "कसे आहात?" म्हणाले. मग तोही "बरा आहे, तुम्ही?" म्हणाला. लहानपणी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात.

हिंदुकाका, म्हणजे त्याचे वडील, घरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालंय. आता खाटेवरच असतात. "एकच घोकतात," विक्रांत म्हणाला, "शंकऱ्याबरोबरचा डाव अर्धा राहिला."

अण्णा रिक्षात बसले होते. सांगितलं तर म्हणाले, "कोण हिंदुराव?" आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

११ नोव्हेंबर

दुपारी कपाटामागून अण्णांनी प्लायवूडचा फळा ओढून काढला. मला हाक मारली नाही. एकटेच ओढत होते, धडपडले असते म्हणजे!

हा फळा मी विसरलेच होते. निळ्या ऑइलपेंटचा महासागर, कडेने बंदरं, मधे बेटं. नौदलात असताना अण्णा आणि हिंदुकाकांनी हा खेळ रचला आणि नोकरी सुटल्यावर कॅम्प पाचच्या व्हरांड्यात दर रविवारी मांडायला लागले. थोरलं आरमार हिंदुकाकांचं, धाकटं अण्णांचं. जहाजं म्हणजे जीन्सच्या कारखान्यातली बटणं. पितळी थोरली, काळी धाकटी. एक चाल म्हणजे एक महिना. वादळ फाशावर. धान्याची आणि तेलाची जहाजं वेळेत बंदराला लागली नाहीत तर आपलेच लोक उपाशी, आपलीच जहाजं बंद.

खेळापेक्षा वादच मोठा असायचा. दुबळं आरमार लांबलचक युद्धात, तेही भर समुद्रात, जिंकू शकतं का? हिंदुकाका म्हणायचे, कदापि नाही. "आंग्र्यांनी इंग्रजांना पाणी पाजलं ते किनाऱ्याजवळ. भर समुद्रात ज्याच्या गोद्या जास्त त्याचा समुद्र. तुझं एक बुडलं की एक कमी. माझं एक बुडलं की दोन नवी." अण्णा म्हणायचे, "समोरासमोर लढलो तर ना! समुद्र मोठा आहे हिंदुराव. तुला सगळा राखावा लागतो. मला फक्त एक कोपरा फोडायचाय."

मी आणि विक्रांत बुडलेली बटणं गोळा करायचो. समोरच्या सिंधी आजी दाल-पकवान पाठवायच्या. आई आतून ओरडायची, "लढाई संपली की जेवायला या." संपायची कसली.

एकोणनव्वद साली एका रविवारी ते दोघं भांडले. अण्णा म्हणाले हिंदुरावने डावात लबाडी केली. त्यानंतर साबळे बदलापूरला गेले, वर्षभरात विक्रांतचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मला काही विशेष वाटलं नाही. फक्त त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि केस खूप गळले, म्हणून ते वर्ष लक्षात आहे.

१२ नोव्हेंबर

अण्णा चहा पिताना म्हणाले, "मी त्याच्या दारात जाणार नाही. पण चाल पाठवीन. त्याला म्हणावं, पाळी माझी होती."

१७ नोव्हेंबर

डाव कुठे थांबला होता, हे आधी जुळवायचं होतं. मी आणि विक्रांत निरोप्ये. हिंदुकाकांसाठी विक्रांतने तसाच दुसरा फळा रंगवला. दोन्ही म्हाताऱ्यांनी आपापल्या फळ्यावर जहाजं आठवणीने मांडली. सकाळी घेतलेली गोळी अण्णांना आठवत नाही, पण पस्तीस वर्षांपूर्वीचं कुठलं बटण कुठे होतं ते पाठ! दोघांचं सगळं जुळलं, एक जहाज सोडून. अण्णा म्हणाले ते दक्षिणेच्या बेटाआड लपलेलं आहे. हिंदुकाका म्हणाले ते बुडालं.

मला वाटलं, इथेच मोडणार. संध्याकाळी विक्रांतचा फोन आला, "बाबा म्हणतात, राहू दे. जिवंत धर."

अण्णांना सांगितलं. गंमत म्हणजे त्यांना आनंद झाला नाही. म्हणाले, "असा नव्हता तो."

२४ नोव्हेंबर

काही बटणं हरवली होती, म्हणून कॅम्प पाचला मुकेशच्या दुकानात गेले. बराकी आता ओळखू येत नाहीत. आमच्या व्हरांड्याच्या जागी चार मजले, खाली शिलाई मशीनचा खडखडाट, गटारात निळं पाणी. मुकेश मात्र त्याच्या बापाच्या गादीवर तसाच, बटणांच्या डब्यांत बुडालेला.

"अरे शीला! कितने साल! बैठ, बैठ. विक्रांत कसा आहे? बच्चे कितने?"

मी म्हणाले, "मला काय माहीत? एक मुलगी आहे त्याला, पायल. पुण्याला असते."

"म्हणजे? तेरी शादी उससे नहीं हुई?" तो बघतच राहिला. "हम तो साईं, यही समझे बैठे थे. माझी आई तर म्हणायची, इन दोनों का पक्का है."

सिंधी माणसं मनात येईल ते बोलतात. मी हसून बटणं घेतली. पैसे घेईना. बाहेर आल्यावर लक्षात आलं की पिशवी आतच राहिली, पुन्हा जावं लागलं.

४ डिसेंबर

आज नौदल दिन. अण्णांनी बिल्ले लावून टीव्हीसमोर बसून सलामी दिली. मग चाल सांगितली.

त्यांचा डाव आता मला कळायला लागलाय. लढाऊ जहाजांच्या वाटेला जायचंच नाही. एकेक जहाज वेगळं पाठवायचं, थोरल्याची तेलाची जहाजं गाठायची आणि पळायचं. हिंदुकाका वैतागून तांडे करायला लागले. प्रत्येक तेलाच्या जहाजाला राखण. म्हणजे धाकट्याच्या एका जहाजापायी थोरल्याची चार अडकली. विक्रांत म्हणाला, "शंकरकाका बरोबर आहेत. राखणाऱ्याला सगळीकडे जागं राहावं लागतं. चोराला एकदाच."

"चोर कोणाला म्हणतोस?" मी म्हणाले. घरी आल्यावर ध्यानात आलं, मी त्याला अरे म्हणाले.

चाल घेऊन विक्रांत दर रविवारी येतो. खरं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी भागलं असतं, पण तो म्हणतो फोटोत काळी बटणं नीट दिसत नाहीत. बरोबर आहे, निळ्यावर काळं दिसत नाही. बुधवारी मी बदलापूरला त्यांच्या घरी, कात्रपला, जाते. कात्रपहून परतताना तो स्टँडपर्यंत सोडायला येतो, कारण तिथे कुत्री फार आहेत. मला तरी अजून एकही दिसलं नाही.

७ डिसेंबर

काल चैत्यभूमीला गेले होते. अण्णांना झेपत नाही, म्हणून यंदा एकटीच. गर्दीत आईची फार आठवण आली. सुंदराबाई शेजवळ, दर वर्षी अनवाणी जायची. शेवटच्या आजारपणात म्हणाली होती, "तुझ्या बापाने तुझ्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढली. मी विचारलं तर म्हणायचा, पुन्हा कोणाकडून 'नाही' ऐकून घेणार नाही." तेव्हा वाटलं होतं, तापात बडबडतेय. "पुन्हा" म्हणजे काय?

१८ डिसेंबर

हिंदुकाकांची चाल अशी की अण्णा दोन तास फळ्यासमोरून हलले नाहीत. त्यांनी धाकट्याच्या सगळ्या मोठ्या बंदरांना वेढा घातलाय. तेल नसलं तरी नांगर टाकून उभं राहता येतंच की! आता धाकट्याकडे धान्य येत नाही.

"हेच मी म्हणायचो," काका खाटेवरून हसले. हसताना खोकला आला. विक्रांतने पाठ चोळली. काका किती बारीक झालेत. मनगटावर गोंदलेला नांगर सैल कातडीत वाकडा झालाय. "शंकऱ्या लढतो चांगला. पण पोट बांधून किती वर्षं लढणार? सांग त्याला, काका विचारतात."

मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "बुडत नाही तोवर हरलो नाही, असं सांग."

"पण अण्णा, जिंकलो असंही नाही ना."

"तू कोणाच्या बाजूची?" म्हणाले. रागावले खरेच.

२९ डिसेंबर

आज विक्रांत मला बारवीच्या वाटेवर त्याने घेतलेल्या शेताच्या तुकड्यावर घेऊन गेला. बारवीचं पाणी आयुष्यभर प्यायले, धरणाकडे नीट बघितलं आजच. भात कापून झालंय, रानात नुसते खुंट. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्याने हे अंगावर घेतलं. शेजारची विठाबाई त्याच्या शेतीला हसते. म्हणाली, "सायेब पुस्तकात वाचून नांगर धरतंय बाय." आणि मला म्हणाली, "तू नवरीबाय का?" विक्रांतने चटकन सांगितलं, "नाही, नाही, मैत्रीण." मग बराच वेळ बांधावरचा दगड उगाच सरळ करत बसला.

तो सुरुचीबद्दल बोलला. त्याची बायको. सहा वर्षं झाली तिला जाऊन. "चांगली होती," म्हणाला. "मी तिच्याशी खोटं वागलो नाही. पण पहिल्या दिवशीच तिने ओळखलं होतं की मी कुठून तरी हरून आलोय."

मी विचारलं, "कुठून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला खरंच कोणी काही सांगितलं नाही?"

"काय?"

"काही नाही. चल, उन्हं उतरली."

माणसं अशी अर्धवट का बोलतात?

८ जानेवारी २०२५

हिंदुकाकांनी विचित्र चाल पाठवली. उत्तरेच्या सामुद्रधुनीतली आपली तीन जहाजं मागे घेतली. म्हणजे धाकट्याची धान्याची जहाजं खुशाल आत. शिवाय निरोप, "हा खेळ नाही, हे खरं समज."

अण्णा म्हणाले, "असा नियमच नाही. वेढा घालणारा जिंकत असताना वाट सोडतो?"

मला तर सापळा वाटला. मी त्यांना सांगितलं, आत गेलो की मागून बंद करतील. अण्णा फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. सापळा लावताना तो ओठ चावायचा. तू गेलीस तेव्हा ओठ चावत होता का?"

"नाही. डोळे पुसत होते. मोतीबिंदू असेल."

अण्णांनी काठी मागितली. "रिक्षा बोलाव," म्हणाले.

९ जानेवारी

कालचं लिहायला काल हातच उठला नाही.

अण्णा दारात उभे राहिले. हिंदुकाका खाटेवरून उठायला बघत होते. विक्रांतने धरलं. मग अण्णा म्हणाले, "जय भीम, हिंदुराव." आणि काका म्हणाले, "जय भीम, शंकऱ्या. म्हातारा झालास रे." अण्णांना ऐकू आलं नाही, ते "काय?" म्हणाले, तर काका ओरडले, "म्हातारा झालास!" आणि दोघं हसायला लागले. मग हसता हसता रडायला.

चहा झाला. काका माझ्याकडे वळले. "पोरी, बस इथे. विक्या, तूही. आज सांगू दे."

त्यांनी सांगितलं. एकोणनव्वद साली विक्रांत त्यांना म्हणाला, मला शीलाशी लग्न करायचंय. रविवार होता. डाव मांडलेला होता. काका आले आणि अण्णांना म्हणाले, पोरांना आवरू या. दोस्ती दोस्तीच्या जागी, सोयरीक सोयरिकीच्या जागी. आमच्यात चालायचं नाही.

"एवढंच म्हणालो," काका म्हणाले. "शिवी नाही दिली, आवाज नाही चढवला. म्हणून मला वाटत राहिलं की मी काही वाईट बोललोच नाही."

अण्णा म्हणाले, "जहाजावर एका ताटात जेवलो. आग लागली तेव्हा याने मला खांद्यावर टाकून वर आणलं. भर समुद्रात जात-पात नव्हती, शीला. बंदर दिसलं की परत यायची. मला ठाऊक होतं, फक्त हिंदुरावच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

"आणि लबाडी?" मी विचारलं. "तुम्ही तर म्हणालात डावात लबाडी केली."

"मग काय सांगायचं होतं तुला? तू नको आहेस, असं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं मी रडेन. पण मला राग आला. असा राग मला कधी आला नव्हता, कंपनीत मॅनेजरवरसुद्धा नाही. मी म्हणाले, "मला कोणी विचारलं? तुम्ही नाही म्हणालात, तुम्ही रुसलात, हा ऐकून घेऊन गेला. तिघांनी मिळून ठरवलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला तोंड नव्हतं?"

चप्पल घालून निघाले. विक्रांत मागे आला. मी म्हणाले, "येऊ नकोस." तो थांबला. पुन्हा थांबला! त्याचाच जास्त राग आला.

१४ जानेवारी

अण्णांशी बोलत नाही. ते स्वतः चहा करतात. पातेलं करपवलं. आज माझ्यापुढे कप ठेवला, तळाशी न गाळलेलं आलं. प्यायले.

म्हणाले, "हिंदुराव डाव बरोबरीत सुटला म्हणतो. मी म्हणालो, मी जिंकलो. त्याने वेढा उठवला ना? दुबळा जिंकू शकतो, शीला. बुडायचं नाही, झुंजायचं नाही, थोरल्याला आपल्याच ताकदीचा कंटाळा येईपर्यंत टिकायचं. मी आयुष्यभर हेच म्हणत होतो. बरोबर होतो मी."

मी कप खाली ठेवला.

"फक्त एक चुकलं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, उपाशी मी राहतोय."

मग कप उचलून आत गेले आणि धुवायला लागले. नळ बराच वेळ चालू होता.

१९ जानेवारी

रविवार. विक्रांत आला नाही. मीच सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून, तरी दोनदा गॅलरीत गेले.

आठवत बसले. तो मला सायकल शिकवायचा, मागून धरलंय म्हणायचा आणि सोडून द्यायचा. चाळीसेक पावलं तरी मी एकटीच जायचे, तो मागे आहे असं समजून. कॉलेजचं पुस्तक द्यायला यायचा आणि व्हरांड्यात उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचा. मला कळत होतं. कसं नव्हतं कळत? मी वाट बघत होते की तो बोलेल. मग तो गेला आणि मी ठरवून टाकलं की वाट बघतच नव्हते.

सत्तावन्न वर्षांची बाई आहे मी. हे लिहितानासुद्धा दार लावून घेतलंय.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर बिल्डिंगच्या गेटवरूनच फोन लावला. म्हटलं, "तू तेव्हा भांडला का नाहीस?"

विक्रांत म्हणाला, "भित्रा होतो. दुसरं कारण शोधलं खूप, सापडलं नाही."

"मला तरी येऊन सांगायचंस."

"हो." मग, "शीला, आता विचारू का?"

"नाही," मी म्हणाले. "एकदा तुम्ही सगळ्यांनी मिळून विचारलं नाहीत. आता विचारायची पाळी माझी. पण मला विचार करायचाय. निवांत. घाई करू नकोस."

"नाही करत," तो म्हणाला. "घाई करायला उरलंय काय?"

मला हसू आलं. मग त्यालाही.

९ फेब्रुवारी

विचारलं.

बारवीला, त्याच्या तुकड्यावर. तो वालाच्या शेंगा तोडत होता. मी म्हणाले, अंबरनाथची खोली मी सोडणार नाही, अण्णा माझ्याजवळच राहणार, नाव शेजवळच ठेवणार आणि लग्न रजिस्टर. तुझ्या नातेवाइकांपैकी कोणी नाक मुरडलं तर या वेळी बोलायचं, तेही माझ्यासमोर. जमेल?

तो म्हणाला, "बोललो. बाबांनी नातेवाइकांत आधीच सांगून टाकलंय, म्हणून काल आत्याचा फोन आला होता. बाबांनीच तिला ठणकावलं, मग मी घेतला."

"काय म्हणालास?"

"म्हणालो, जेवायला यायचं असेल तर ये."

विठाबाई बांधावरून ओरडली, "आता तरी नवरीबाय म्हणू का?"

मी म्हणाले, "म्हणा."

मग आम्ही शेंगा निवडत बसलो. त्याच्या हाताला जखम होती, तोडताना कापलं असेल. मी रुमाल बांधला. पस्तीस वर्षांचं काय काय मनात येत होतं, कॅम्प पाचचा व्हरांडा, आईची हाक, नको इतकं सगळं. ते परत येणार नाही. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "नाही येणार."

उन्हं उतरली तसे उठलो. गुडघे दोघांचेही धरले होते. त्याने हात पुढे केला, मी धरला, आणि रस्त्यापर्यंत सोडला नाही. रस्त्यावर माणसं होती.